आक्काचं पाणी

आमच्या हॉटेलात दुपारी अडीच वाजता काहीही घडत नाही, आणि ते न घडणं बघायला लोक लांबलांबून येतात. जाळीतून येणारं ऊन फरशीवर चांदण्या पाडतं. अडीच ते चार एवढ्या वेळात त्या चांदण्या माझ्या रिसेप्शनच्या टेबलापासून निघून जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर चढतात. बाराही खोल्यांतली माणसं पडलेली असतात. झोपलेली म्हणत नाही, कारण काही नुसतीच छताकडे बघत असतात, पण आमच्याकडे तीही झोपेतच धरतात. मध्ये चौक, चौकात कुंड, कुंडात पाणी पडत असतं. नव्या पाहुण्याला पहिल्या दिवशी वाटतं, आता काहीतरी होईल. दुसऱ्या दिवशी तो वाट बघायचं सोडतो. तिसऱ्या दिवशी खोली सोडायची वेळ झाली की माझ्याशी भांडतो.

या शांततेचं सगळं श्रेय लोक कमानींना देतात, आणि अकरा वर्षं झाली तरी माझं डोकं तिथंच फिरतं. कमानी देखण्या आहेत, नाही कोण म्हणतंय. घोड्याच्या नालेसारख्या, खाली जरा आत वळलेल्या. त्यांच्यावर चुन्याच्या गिलाव्यात कोरलेली अशी नक्षी, की बघताना कुठून सुरू झाली आणि कुठं संपली ते हरवतं. आमच्या मालकीणबाई तरुणपणी समुद्रापलीकडे दोन वर्षं राहिल्या होत्या. तिथं मूर लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले महाल त्यांनी पाहिले, आणि बाई परत आल्या त्या निम्म्या तिथंच राहून. उरलेल्या निम्म्या बाईंनी हे हॉटेल बांधलं. मूर लोक कोरड्या मुलखातले, म्हणून घर बांधताना आधी पाणी कुठून जाईल ते ठरवत आणि मग भिंती, असं त्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात. पाहुणा मान डोलावतो आणि कमानीचा फोटो काढतो.

कमानींनी आम्हाला काय दिलं ते मी सांगतो. घोरणं दिलं. खिडक्यांना काचा नाहीत, नुसत्या लाकडी जाळ्या. छतं घुमटाची. पहिल्याच मोसमात चार नंबरमध्ये एक धिप्पाड गृहस्थ उतरले आणि त्यांचं घोरणं नऊ नंबरमधल्या नवविवाहितांच्या उशाशी जाऊन पोचलं. पाच नंबरमध्ये नवरा-बायको हळू आवाजात भांडले ते अकरा नंबरवाल्यांनी मला सकाळी शब्दन् शब्द सांगितलं, वर चूक कोणाची तेही. बाईंनी तज्ज्ञ आणले. एक म्हणाला काचा लावा, दुसरा म्हणाला जाड पडदे लावा, तिसरा म्हणाला पाहुणे निवडून घ्या. बाई रडकुंडीला आल्या होत्या.

तेव्हा आक्का आमच्याकडे धुलाईखोलीत होती. चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे. पन्नाशी ओलांडलेली, हाडापेरानं बारीक, बोलणं बेताचं आणि तेही तिरकस. एका दुपारी चार नंबरमधून करवत चालू होती. आक्का सुकलेले टॉवेल घेऊन चौकातून चालली होती, ती थांबली. टॉवेल माझ्या टेबलावर ठेवले, जिन्याखालच्या कोनाड्यात गेली, आणि गच्चीवरच्या टाकीतून कुंडाकडे येणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह तिनं थोडा उघडला. परत येऊन ऐकलं. पुन्हा जाऊन केसभर मिटला. मग कुंडाच्या कडेचा एक गोटा उचलून धारेखाली ठेवला. घोरणं गेलं. गृहस्थ घोरतच होते, त्यांच्या दाराशी जाऊन मी खात्री केली, पण ते घोरणं दाराबाहेर चार पावलांवर पाण्यात मिसळून संपत होतं. आक्कानं टॉवेल उचलले आणि गेली. मी पळत बाईंकडे गेलो, आणि मी सहसा पळत नाही.

आक्काचे वडील पाटकरी होते, कालव्याचं पाणी पाळीनं शेताशेतांत सोडणारे. अंधारात नुसत्या आवाजावरून त्यांना कळायचं की पाणी कोणाच्या शेतात किती चाललंय आणि चोरून पाट कोणी फोडलाय. आक्का लहानपणी त्यांच्याबरोबर बांधावर बसायची. माणसाचं खोटं पकडायला तोंडाकडे बघावं लागतं, पाण्याचं नुसतं ऐकावं लागतं, असं ते म्हणायचे म्हणे. पुढं तिचं लग्न झालं एका बस कंडक्टरशी, आणि ऐकायचं काम आयुष्यभर पुरेल एवढं मिळालं. कंडक्टर निवृत्त झाले तरी त्यांचा आवाज निवृत्त झाला नाही. दोन खोल्यांच्या घरात ते अजून मागच्या दारापर्यंत ऐकू जावं असं बोलतात.

बाईंनी आक्काच्या हातात व्हॉल्व्ह दिला तो कायमचा. तिनं दिवसाची पाच पाणी ठरवली. पहाटेचं, न्याहारीचं, झोपेचं, गप्पांचं आणि रात्रीचं. झोपेचं पाणी जाड आणि सपाट, त्यात उठून दिसणारा एकही थेंब नको. गप्पांचं पाणी चुरचुरीत, म्हणजे शेजारच्या टेबलावरचं बोलणं ऐकू येतं पण समजत नाही. धारेखाली ठेवायला तिच्याकडे पत्र्याच्या डब्यात चार गोटे होते आणि चौघांना नावं होती. बडबड्या, मुका, सासूबाई आणि जावईबापू. सासूबाई कुठल्याही कोनात ठेवल्या तरी गप्प बसत नसत. जावईबापूंचा पाण्यावर काडीचा परिणाम व्हायचा नाही, दिसायला मात्र फार छान, म्हणून बाईंचे खास पाहुणे आले की ते मधोमध बसायचे.

तंबोरा लागला म्हणतात, तसं आक्का म्हणायची, पाणी लागलं. ते लागलं की साऱ्या चौकाचे खांदे खाली यायचे. माझे तर नक्की यायचे. मी आधी बारा वर्षं एका मालवाहतूक कंपनीच्या ऑफिसात होतो. तिथं सगळेच एकाच वेळी फोनवर ओरडायचे. इथं आल्यावर पहिले सहा महिने मी दर दुपारी घाबरायचो, की एवढं शांत आहे म्हणजे आपलं काहीतरी करायचं राहिलं. आक्कानंच एकदा सांगितलं, काही राहिलं नाही, बस गुमान. तिनंच माझं नाव मास्तर पाडलं. मी आयुष्यात कोणाला काही शिकवलेलं नाही. चष्मा आणि खवचटपणा या दोन गुणांवर मला ती पदवी मिळाली. मी तिला अहो आक्का म्हणायचो तर म्हणाली, एवढा मान दिलास की मला दार उघडून उभं राहावंसं वाटतं, सरळ अगं म्हण. मला सख्खी मोठी बहीण नाही. असती तर तिचं एवढं बोलणं ऐकून घेतलं असतं की नाही, सांगता येत नाही.

व्हॉल्व्हला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, हा आक्काचा कायदा. एकदा बाईंच्या भाच्यानं, तो इंजिनिअर आहे, सहज म्हणून फिरवून पाहिला. आक्का त्याला एक शब्द बोलली नाही. त्याच्या खोलीतल्या चादरी मात्र पुढं चार दिवस जरा ओलसरच राहिल्या.

गेल्या वर्षी काहीतरी बिघडायला लागलं. कधी लागलं ते सांगता येत नाही. मला आधी जाणवली ती पाहुण्यांची चिडचिड. माणसं न्याहारीला मोठ्यानं बोलायला लागली. एका बाईंनी नवऱ्याला लोणी मागितलं ते मला रिसेप्शनवर ऐकू आलं. दुपारी झोपून उठलेले लोक ताजे दिसण्याऐवजी प्रवास करून आल्यासारखे दिसायला लागले. मग अभिप्रायाच्या वहीत पहिल्यांदा कोणीतरी लिहिलं, जागा सुंदर आहे, पण पाण्याचा आवाज फार. मी ते पान वाचलं आणि मनातल्या मनात त्या माणसाच्या अकलेबद्दल चार शब्द काढले. पंधरा दिवसांत तसली आणखी तीन पानं झाली. मग मीही कान देऊन ऐकलं, आणि खरंच, कुंडात पाणी पडत नव्हतं, कोसळत होतं. रोज केसभर वाढत गेलेलं, म्हणून आम्हा कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

प्लंबर आला. त्यानं पंप बघितला, टाकी बघितली, आणि म्हणाला सगळं ठीक आहे, व्हॉल्व्हच जास्त उघडलाय. आक्का शेजारी उभी होती. ती म्हणाली, जेवढा पाहिजे तेवढाच उघडलाय. प्लंबरनं हत्यारं पिशवीत भरली. बाई संध्याकाळी मला आत बोलावून म्हणाल्या, आपोआप पाणी कमीजास्त करणारं एक यंत्र मिळतं, कंपनीचा माणूस येऊन आवाज मोजून बघणार आहे. आक्कांना आता दगदग नको. मला सगळं कळलं. व्हॉल्व्ह गेला म्हणजे आक्का नुसत्या चादरींवर राहणार नव्हती. त्रेसष्टाव्या वर्षी ती घरी जाणार होती आणि कंडक्टरांसमोर बसणार होती.

यंत्राची बोलणी चालू असतानाच एका दुपारी वीज गेली आणि पंप बंद पडला. तासाभरात गच्चीवरची टाकी संपली. कुंडातली धार बारीक झाली, मग दोऱ्याएवढी झाली, मग थांबली. अकरा वर्षांत तो चौक मी कधी कोरडा ऐकला नव्हता. चौकातल्या संत्र्याच्या झाडाचं एक पान फरशीवर पडलं, ते मला ऐकू आलं. सात नंबरमध्ये कोणीतरी कूस बदलली, तेही. मी उठून कुंडापाशी गेलो. आक्का नेहमीच्या जागी, कमानीच्या पायाशी, भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर अर्धी घडी केलेला टॉवेल, डोळे मिटलेले, उन्हाची एक चांदणी कपाळावर. पाणी जुळवल्यावर ती अशीच बसायची. मी तिच्यापासून दोन हातांवर उभा होतो. चौकात पाण्याचा टिपूसभर आवाज नव्हता. आणि आक्का स्वतःशीच, समाधानानं म्हणाली, "बस्स. आता लागलं."

मी तिथून मांजरासारखा निघून आलो. टेबलामागे बसलो. मला तिचा भयंकर राग आला होता. इतके दिवस सांगितलं का नाही, म्हणून. मग लक्षात आलं की सांगणार कोणाला आणि काय. पाणी जोखणं एवढंच जिचं काम, तिनं कोणत्या तोंडानं म्हणायचं की मला पाणी ऐकू येत नाही. थोड्या वेळानं वीज आली, पंप गुरगुरला, पाणी परत सुरू झालं. आक्का कधी उठून गेली ते मी बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून मी तिच्या घरी जाऊन आलो. आक्का बाजारात गेली होती. कंडक्टरांनी मला चहा दिला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं की हॉटेल कसं चाललंय. मी आडून आडून चौकशी केली. आक्का हल्ली मुलीचा फोन आला की बोलत नाही, फोन त्यांच्याच हातात देते, तुम्हीच बोला म्हणते, एवढं कळलं. तिला ऐकायला काही त्रास होतो का, असं विचारल्यावर ते खळखळून हसले. म्हणाले, ती माझं ऐकत नाही हे तुम्हाला आज कळतंय का, लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ऐकत नाही. घरातला आवाजच एवढा मोठा की तिथं कोणाला शंका यायचं कारणच नव्हतं. तो माणूस वाईट नाही. पण मी चहा अर्धाच ठेवून उठलो.

त्या रात्री मी ठरवलं, आणि सकाळपासून कामाला लागलो. पहाटेचं पाणी लावून आक्का धुलाईखोलीकडे वळली की मी कोनाड्यात जायचो आणि व्हॉल्व्ह थोडा मिटायचो. न्याहारीला तेच. दुपारी तेच. दिवसातून पाच वेळा आजूबाजूला बघत, पायातल्या चपला हातात घेऊन. सत्तेचाळीसाव्या वर्षी मी चोरी शिकलो ती पाण्याची. सुरुवातीला वाटलं सोपं आहे, अर्धा फेरा मागे घेतला की झालं. पण आक्काचं काही ठरलेलं नसायचं. आज अर्धा फेरा जास्त, उद्या पाव, परवा चक्क एक पूर्ण. कधी गोटाच भलता. झोपेच्या पाण्याला सासूबाई बसवलेल्या बघून मी कपाळावर हात मारला. तिचा कान असा रोज वेगवेगळा कसा जातो, हे मला कळेना. मी मनातून चरफडायचो आणि पुन्हा ऐकायचो, पुन्हा फिरवायचो.

ऐकता ऐकता मात्र काहीतरी होत गेलं. धार म्हणजे एकच एक आवाज नाही. तिच्या आत एक ठोका असतो. पाणी वाढवलं की तो जलद होतो, आणि जास्तच वाढवलं की हरवतो. तो ठोका हरवला की माणसं मोठ्यानं बोलायला लागतात, आपण का ओरडतोय ते त्यांनाही ठाऊक नसतं. दुपारच्या त्या उन्हात, चांदण्या जिन्याकडे सरकत असताना, मी कोनाड्यात उभा राहून व्हॉल्व्हवर हात ठेवायचो आणि ठोका सापडेपर्यंत थांबायचो. कधीकधी सापडल्यावरही थांबायचो. टेबलावरचा फोन वाजायचा आणि मला तो दुसऱ्या कोणाच्या तरी आयुष्यात वाजतोय असं वाटायचं.

महिन्याभरात पाहुणे पुन्हा हळू बोलायला लागले. लोणी पुन्हा कुजबुजत मागितलं जाऊ लागलं. बाईंनी सगळ्यांसमोर आक्काचं कौतुक केलं. आक्का त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. कौतुक संपल्यावर तिनं नुसती मान हलवली आणि मी फुगलो. वाटलं, बघा, एका माणसाची लाज राखली, आणि तिला पत्ताही लागू दिला नाही.

तरी बाईंनी यंत्रवाल्याला एकदा येऊन मोजून जा असं सांगितलं होतंच. तो बुधवारी यायचा होता. आणि मंगळवारी सकाळी बहिणीचा फोन आला की तिच्या नवऱ्याला दवाखान्यात हलवलंय, ताबडतोब ये. मला धाकटी बहीण आहे आणि तिला माझ्याशिवाय दुसरं कोणी नाही. जावं तर पाणी, न जावं तर ती. मी गेलो. बसमध्ये बसल्यापासून मला डोळ्यांसमोर बुधवार दिसत होता. कोसळणारं पाणी, हातात मीटर घेऊन उभा असलेला तो माणूस, आणि त्याच्यासमोर डोळे मिटून, समाधानानं बसलेली आक्का. आक्काला आधी सांगायला हवं होतं, हे मला तेव्हा सुचलं. मी तिची लाज राखत नव्हतो, स्वतःची अडचण टाळत होतो.

मेव्हण्यांचं निभावलं. दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून मी दर दोन तासांनी हॉटेलच्या स्वयंपाकघरात फोन करायचो आणि विचारायचो, पाणी कसं आहे. स्वयंपाकीणबाई कंटाळून म्हणाली, पाण्यासारखं आहे. आवाज फार आहे का, तर म्हणाली, तुमचाच आहे.

शुक्रवारी सकाळी मी परत आलो. दारातून आत पाऊल टाकलं आणि थांबलो. न्याहारीचं पाणी असं लागलं होतं की मलाही तसं आजवर जमलं नव्हतं. चौकात पाचसहा माणसं बोलत होती आणि एका टेबलाचा शब्द दुसऱ्याला लागत नव्हता. मी बॅग तशीच ठेवून कोनाड्यात गेलो. व्हॉल्व्ह जिथं हवा तिथं होता.

आक्का कुंडाच्या काठावर बसून गोटे घासत होती. मी समोर जाऊन उभा राहिलो, तेव्हा तिनं मान वर केली.

"मेव्हणे कसे आहेत?" तिनं विचारलं.

मी बरे आहेत म्हणालो.  तिनं बोटानं कुंडात दाखवलं. धार जिथं पडत होती तिथून वर्तुळं निघत होती आणि निळ्या फरशांच्या दुसऱ्या ओळीपाशी येऊन विरत होती. न्याहारीला दुसरी ओळ, झोपेला तिसरी, गप्पांना पहिली आणि थोडं पुढं, असं तिनं मला सांगितलं. माझ्या हाताखालचं पाणी बघून बघून तिनं हे बसवलं होतं. मी पहिल्या दिवशी व्हॉल्व्हला हात लावला तेव्हाच तिला कळलं होतं. तिनं व्हॉल्व्हची मूठ संत्र्याच्या झाडाकडे ठेवली होती, परत आली तेव्हा ती भिंतीकडे वळलेली होती.

मला एकदम राग आला. म्हटलं, म्हणजे दोन महिने तुला ठाऊक होतं. मग रोज भलतंसलतं पाणी का सोडून ठेवत होतीस, कधी पाव, कधी पूर्ण. मी किती वैतागत होतो ते तुला माहीत आहे का.

"एकच ठेवलं असतं तर तू मोजून फिरवलं असतंस," आक्का म्हणाली. "ऐकलं नसतंस."

मी काठावर बसलो. गोट्यांकडे बघत राहिलो. ती गोटे घासत राहिली आणि बुधवारचं सांगत राहिली. यंत्रवाल्यानं मोजलं, छान आहे म्हणाला, यंत्राची गरज नाही. तिथंच तिला गप्प बसता आलं असतं. पण बाई पुन्हा कौतुक करायला लागल्या, तेव्हा तिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं की मला ऐकू येत नाही, वर्ष होऊन गेलं, आजचं पाणी मी डोळ्यांनी लावलंय. डोळ्यांनी लावलेलं पाणी वाऱ्याच्या दिवशी फसेल, वर्तुळं मोडतील, तेव्हा काय करायचं. इतके दिवस पाणी मास्तरनं लावलं, हेही तिनं सांगितलं. मग बाई म्हणाल्या, मास्तरांना जमतंय का महिनाभर बघू, नाहीतर यंत्र.

"आणि तू?" मी विचारलं. तोंड तिच्याकडे करून, सावकाश.

तिनं हातातला गोटा पाण्यात बुडवला. म्हणाली, "कान हळूहळू जातात रे. कुठल्या दिवशी पाणी शेवटचं ऐकलं, ते मला माहीतच नाही. बापाचं पाणी, इथलं पाणी, सगळं त्या एका दिवसात गेलं आणि मी त्या दिवशी चादरीच वाळत घालत असेन. कळलं असतं तर जरा बसले असते."

मला रडू आलं. लपवलं नाही, कारण ऐकू येत नसलं तरी तिला दिसत होतं.

थोड्या वेळानं तिनं व्हॉल्व्हकडे मान केली. न्याहारी संपत आली होती, पाणी बदलायची वेळ झाली होती. मी पहिल्यांदाच चपला घालून, सगळ्यांच्या देखत कोनाड्यात गेलो. गोटा बदलला, फिरवलं, ऐकलं, परत फिरवलं. मग तिच्याजवळ येऊन बसलो. तिनं विचारलं, कसं वाजतंय, सांग. बारा खोल्यांच्या पाहुण्यांना अकरा वर्षं चोख उत्तरं देणारा मी, मला एक शब्द सापडेना. छान म्हटलं. ती वाट बघत राहिली. बरं वाजतंय म्हटलं. ती तशीच बघत होती.

शेवटी मी तिचा हात ओढून घेतला. धुलाईच्या सोड्यानं सालं निघालेला, खरखरीत हात. कान पाण्याकडे ठेवला आणि धारेतला ठोका जसा येत होता तसा तिच्या मनगटावर दोन बोटांनी वाजवायला लागलो. एक, एक, दोन लागून, एक. चौकातले लोक बघत असतील, मी वर पाहिलं नाही. आक्का हलली नाही.  जाळीतलं ऊन आमच्या पायांवर आलं.

"जलद आहे," ती म्हणाली. "कमी कर."

मला तरी अगदी बरोबर लागल्यासारखं वाटत होतं. तरी उठलो, कोनाड्यात गेलो, केसभर मिटलं आणि उभं राहून ऐकलं. खरंच जास्त झालं होतं.